खडी, चाक आणि रंगाचा टवका

दसऱ्याला किंवा धनत्रयोदशीला दारात आलेली नवी मोटार आणि कार्तिकात तिच्या बॉनेटवर दिसलेला पहिला टवका, ही जोडी मी माळव्यात गेली पंधरा-वीस वर्षे पाहत आलो आहे. मोटार पांढरी असेल तर तो टवका काळ्या तिळासारखा दिसतो, काळी असेल तर तांदळाच्या कणीसारखा. मालक आधी त्यावर बोट फिरवतो, मग रुमाल ओला करून पुसून पाहतो, आणि तो डाग नसून खड्डा आहे हे पटले की आरोपी शोधू लागतो. कुणी ठेकेदाराला धरतो, कुणी पुढच्या डंपरवाल्याला, कुणी मोटार कंपनीला. ‘आजकाल रंग पातळच मारतात हो’ हे वाक्य मी निदान शंभर तोंडांतून ऐकले असेल. मी इतिहास शिकवणारा मास्तर. मला त्या तिळाएवढ्या खड्ड्यात दोनशे वर्षांचा मजकूर दिसतो, असे म्हटले की घरची मंडळी हसतात. वाचकांनीही हसावे, पण मग थोडे ऐकून घ्यावे; शेवटी त्या टवक्याचे करायचे काय, तेही सांगणार आहेच.

माझे वास्तव्य देवासला. हे गाव बेळगाव-बिदरकडच्या वाचकांना दूरचे वाटेल. पण १७२८ पासून येथे पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची गादी होती आणि घरात मराठी, दारात माळवी-हिंदी हा आमचाही रिवाज सीमाभागासारखाच आहे. माझा मामेभाऊ नोकरीच्या निमित्ताने जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सतवासला स्थायिक झाला आहे. त्यामुळे त्या वाटेने माझे जाणे-येणे फार. डबलचौकी, चापडा अशी गावे मागे टाकून इंदूर-नेमावर रस्ता विंध्याचा घाट उतरतो, कन्नोदला येतो, आणि तेथून सतवासचा फाटा फुटतो. खाली नर्मदेचे खोरे. नर्मदेची वाळू आणि खदानींची गिट्टी घेऊन डंपर याच रस्त्याने वर चढतात. टवक्यांचा अभ्यास करायला यापेक्षा चांगली प्रयोगशाळा मला ठाऊक नाही.

या सतवासला इतिहासात एक वेगळेच नाव चिकटलेले आहे. पेंढाऱ्यांचा पुढारी चितू याचा तळ नर्मदाकाठी नेमावरला, आणि राहणे नेमावर-सतवासच्या टापूत. वर विंध्य, खाली नर्मदा, मध्ये दाट जंगल. त्याच्या घोडेस्वारांचे सगळे बळ एका गोष्टीत होते, ती म्हणजे या मुलखात रस्ता नव्हता. तोफा आणि रसदीच्या गाड्या घेऊन येणाऱ्या फौजेला रस्ता लागतो, पेंढाऱ्याला पाऊलवाट पुरते. १८१८ च्या जानेवारीत मंदसौरचा तह झाला, होळकरशाहीची ताकद मोडली, महूला इंग्रजांची छावणी पडली. चितू पुढच्याच वर्षी, १८१९ मध्ये, या पट्ट्यातल्या जंगलात वाघाच्या तोंडी गेला. छावणी आली की रस्ता येतो. पुढच्या काही दशकांत मुंबई-आग्रा रस्ता माळव्यातून बांधून निघाला आणि तो देवास, इंदूर, महू, मानपूर करीत खानदेशात उतरला. कन्नोद-खातेगावचा भाग होळकरांच्या नेमावर जिल्ह्यात राहिला. तिथे पक्की सडक यायला मात्र फार वेळ लागला.

पक्की सडक म्हणजे त्या काळी खडीची सडक. तिचे शास्त्र जॉन लाउडन मॅकॅडम या स्कॉटिश गृहस्थाचे. १८१६ मध्ये तो ब्रिस्टलच्या रस्त्यांचा अधिकारी झाला आणि त्याने एक साधी गोष्ट सिद्ध करून दाखवली. रस्त्याखाली मोठमोठ्या शिळांचा पाया घालायची गरज नाही. हाताने फोडलेले, टोकदार कडांचे, लहान दगड थरांनी पसरले आणि पाणी वाहून जाऊ दिले की पुरे. सहा औंसांपेक्षा जड दगड चालणार नाही, असा त्याचा दंडक होता. म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे १७० ग्रॅम. गोल गोटा नको, फुटलेलाच हवा. कारण फुटलेल्या दगडाच्या कडा एकमेकींत अडकतात.

पण त्या दगडांना धरून ठेवत होते कोण? डांबर नव्हते, सिमेंट नव्हते. धरून ठेवत होती गाडीची लोखंडी धाव. बैलगाडीच्या चाकावरची ती लोखंडी पट्टी वरचा दगड चिरडी, त्याची पूड होई, पूड फटींत बसे, वर पावसाचे पाणी पडे आणि सगळे मिळून घट्ट होई. आपल्याकडे त्यात मुरूम घालीत. जितक्या गाड्या जास्त, तितका रस्ता दाबला जाई. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे मोटार आली तेव्हा नेमके हेच उलटले.

त्याआधी दगडाविषयी आणि तो फोडणाऱ्यांविषयी बोलले पाहिजे. माळवा आणि महाराष्ट्राचा मोठा भाग एकाच दगडाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून झालेला हा काळा पाषाण, बेसाल्ट. कोकणातल्या, गोव्यातल्या आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या वाचकांना जांभा माहीत आहे. जांभ्याचा चिरा मऊ. त्याची लाल धूळ मोटारीवर बसते पण टवका काढत नाही. काळा पाषाण फुटतो तो काचेसारखी कड घेऊन. रस्त्याला तो उत्तम, म्हणूनच रंगाला वाईट.

हा दगड यंत्राने फोडायची चाल अलीकडची. विसाव्या शतकात बराच काळ तो हातानेच फुटत होता, आणि तो फोडणारे हात बहुधा उपाशी माणसांचे होते. दुष्काळी कामांत खडी फोडणे हे ठरलेले काम होते. माळव्याच्या सुबत्तेच्या म्हणी कितीही असोत, १८९९-१९०० च्या दुष्काळाने, ज्याला इकडे विक्रम संवत १९५६ वरून ‘छपन्या’ म्हणतात, माळव्यालाही झोडपले. आपल्या आठवणीतला दुष्काळ १९७२ चा. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर रोज सुमारे ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, बंडिंग, रस्ते आणि खडी. पागे यांची रोजगार हमी योजना त्याच सुमाराची. तिचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून लागू झाला.

माझ्या मामीचे माहेर मराठवाड्यातले. बहात्तर साली ती चौदा वर्षांची होती आणि आईबरोबर खडीवर जात असे. गोल लोखंडी कडी असे. फुटलेला दगड त्या कडीतून गेला पाहिजे, नाही गेला तर पुन्हा फोडा. फोडलेली खडी रचून ठेवायची, मुकादम ब्रासाच्या हिशेबाने मोजायचा. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, डोळ्यांना काही नाही. मामीच्या डाव्या भुवईवर एक पांढरी खूण आहे. लहानपणी आम्ही विचारले की ती म्हणायची, ‘खडी उडाली.’ यापलीकडे ती कधी काही सांगत नसे.

तीन वर्षांपूर्वी मामेभावाने मोटार घेतली. घराण्यातली ती पहिली नवी मोटार. याआधीची एक होती ती तिसऱ्या हाताची. मामीला पुढे बसवून आम्ही देवासहून सतवासला निघालो. घाटात एका डंपरच्या मागे असताना टक्कन आवाज झाला. मामेभावाच्या तोंडून नको तो शब्द गेला. कन्नोदला चहाला थांबलो तेव्हा बॉनेटच्या पुढच्या कडेला टवका सापडला, आणि खालच्या जाळीत अडकलेला खडाही सापडला. मामीने तो हातात घेऊन पाहिला. म्हणाली, ‘अर्धा इंची हाय ही. वरच्या थराची. आमची अडीच इंची असायची.’ मामेभाऊ खट्टू होऊन बसला होता. तो म्हणाला, ‘आई, नवी गाडी आहे गं.’ त्यावर ती म्हणाली, ‘मग काय झालं? काच फुटली का? कुणाच्या डोळ्यात गेली का?’ आणि खडा टाकून देऊन ती हात धुवायला गेली. तिने आकार अचूक सांगितला होता. पायातली खडी मोठी असते, डांबरावर पसरायची बारीक; मोटारीवर उडते ती ही बारीक.

आता चाकाकडे वळू. डनलॉपने हवेचा रबरी टायर १८८८ मध्ये काढला आणि काही वर्षांतच तो मोटारीला लागला. मॅकॅडमच्या रस्त्यावर लोखंडी धाव जे करीत होती त्याच्या बरोबर उलट काम रबराने सुरू केले. ते दगड चिरडत नाही, म्हणून नवी पूड होत नाही. शिवाय वेगाने फिरणारा टायर जमिनीवरून उचलला जातो तेव्हा मागे हवा ओढली जाते आणि फटींतली जुनी पूड उपसली जाते. पूड गेली की दगड सुटा. सुटा दगड पुढच्या चाकाखाली सापडला की मागे उडतो. शंभर वर्षे गाड्यांनी घट्ट केलेले रस्ते मोटारींनी थोड्या वर्षांत उसवले. युरोपात विसाव्या शतकाच्या आरंभी या धुळीचा इतका गवगवा झाला की मोनाकोच्या राजाने गुग्लिएलमिनेत्ती नावाच्या एका स्विस डॉक्टरला उपाय विचारला. त्याने १९०२ मध्ये रस्त्यावर गरम डांबर फासून पाहिले. लोखंडी धावेचे काम डांबराकडे आले ते असे.

भारतात हा प्रश्न ज्यांच्या हाती आला ते आपलेच, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून ते आपल्याला ठाऊक असतात. पण १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीचे ते अध्यक्ष होते, हे फार थोड्यांना माहीत असते. जो मोटार चालवतो, म्हणजे जो रस्ता उसवतो, त्याच्या पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो पैसा रस्त्यांना द्या, हा त्या समितीचा मुख्य मुद्दा. १९२९ पासून गॅलनमागे दोन आणे बसले आणि केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. मला यातला न्याय आवडतो. बैलगाडीवाल्याने रस्ता बिघडवला नव्हता, म्हणून त्याने तो कर द्यायचा नाही. पुढे बैलगाडीलाही रबरी चाके आली आणि ‘डनलॉप गाडी’ हा शब्द खेड्यापाड्यांत रुळला, ही गोष्ट वेगळी.

डांबर आले, तरी खडे उडायचे का थांबले नाहीत? कारण बऱ्याच रस्त्यांवर डांबर हा एक पातळ थर असतो. खाली तीच खडी-मुरुमाची सडक, वर डांबर शिंपडून बारीक खडी पसरायची आणि रोलर फिरवायचा. पसरलेल्या खडीतली काही डांबरात बसते, काही वरच राहते. ती झाडून काढली पाहिजे, आणि दोन-चार दिवस वाहने हळू गेली पाहिजेत. यातले काहीच झाले नाही की सुटी खडी कडेला सरकत राहते आणि ओव्हरटेक करणाऱ्याचे चाक नेमके तिच्यावर जाते. आमच्या मध्य प्रदेशात रस्त्यांची दशा एके काळी अशी होती की २००३ च्या विधानसभा निवडणुकीत वीज आणि पाण्याबरोबर रस्ता हा मोठा मुद्दा झाला. त्यानंतर सुधारणा झाली, हे मान्य केले पाहिजे. पंतप्रधान ग्रामसडक योजनेने २००० च्या डिसेंबरपासून खेडी जोडली गेली, आणि इंदूर-हरदा रस्त्याच्या चौपदरीकरणाचे कामही गेल्या काही वर्षांत हाती घेतले गेले. पण रुंदीकरण चालू असताना रस्ता वर्षानुवर्षे अर्धा खडीचाच असतो आणि मोटारी मात्र पूर्ण वेगाने धावतात.

त्यात एक योगायोग असा की पाऊस संपल्यावर, आश्विन-कार्तिकात, खड्डे बुजवायचा आणि नवा थर द्यायचा हंगाम सुरू होतो. मोटारी घ्यायचा हंगामही तोच. दसऱ्याची मोटार आणि दसऱ्याची खडी एकाच वेळी रस्त्यावर येतात. आरंभी सांगितलेल्या जोडीचे कारण हे आहे. त्यात नशिबाचा भाग थोडा.

राहिला रंग. पूर्वीच्या बग्ग्या आणि पहिल्या मोटारी तेलरंग आणि व्हार्निशचे हात देऊन रंगवीत. एकेक हात वाळायला दिवस लागत आणि सबंध काम आठवडे चाले. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीने ‘ड्युको’ हा झटपट वाळणारा रंग बाजारात आणला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. आपल्या गॅरेजवाल्यांच्या तोंडी ‘ड्युको मारणे’ हा शब्द बसला तो तेव्हापासूनचा. रंग केव्हाच बदलला, शब्द राहिला. त्याच काळात आमच्या इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) देशोदेशीच्या मोटारी मागवीत होते. त्यांची अमेरिकन ड्युसेनबर्ग, जिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधली, केशरी आणि काळ्या रंगात होती. मोटारींच्या जगात ती आजही नावाजली जाते. त्या जमान्यातल्या वेगवान मोटारींच्या दिव्यांवर आणि रेडिएटरवर तारेची जाळी बसवलेली छायाचित्रांत दिसते. पुष्कळांना ती शोभेची वाटते. ती खडी अडवण्यासाठी होती. राजेरजवाड्यांच्याही मोटारी खडीच्याच रस्त्यावरून जात होत्या, इतकेच की टवका पाहायला आणि बुजवायला त्यांच्याकडे पगारी माणूस होता.

आमच्या पिढीने पाहिल्या त्या अँबॅसिडर आणि फियाट, म्हणजे नंतरची पद्मिनी. त्यांचा रंग जाड होता, म्हणून चांगला होता, असे म्हातारी मंडळी सांगतात. जाड होता हे खरे, कारण गॅरेजात हातावर हात चढवलेला असे. पण त्याखालचा पत्रा पाच-सात पावसाळ्यांत दाराच्या खालून कुजत असे, हे ते विसरतात. आजच्या मोटारीचा सांगाडा आधी झिंक-फॉस्फेटच्या प्रक्रियेतून जातो, मग रंगाच्या हौदात संपूर्ण बुडवून विजेच्या प्रवाहाने त्यावर गंजरोधक थर बसवतात आणि भट्टीत भाजतात. त्यावर प्रायमर, त्यावर रंग, त्यावर पारदर्शक लॅकर. चारही थर मिळून सुमारे १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या दीड केसाएवढी जाडी. यातला प्रायमर मुद्दाम किंचित लवचीक ठेवतात, खडीचा मार सोसावा म्हणून. कारखान्यात रंगवलेल्या पत्र्यावर दाबाच्या हवेने खडी मारून टवके मोजायचे यंत्रही असते. तेव्हा ‘कंपनीने फसवले’ हे म्हणणे मला पटत नाही.

वर्गात मी मुलांना एक हिशेब घालतो. खडा पाच ग्रॅमचा आणि मोटारीचा वेग ताशी ८० किलोमीटर. खडा बहुतेक वेळा हवेत असतो आणि मोटारच त्याच्यावर जाऊन आदळते, म्हणून वेग मोटारीचा धरायचा. आघाताची ऊर्जा येते सव्वा ज्यूलच्या आसपास. शंभर ग्रॅमचे वजन सव्वा मीटरवरून सोडले तर जेवढी होईल तेवढी. आणि ती सगळी एका टोकदार कडेवर, दीड केस जाडीच्या रंगावर. वेग ४० केला तर ऊर्जा निम्मी होत नाही, चौथा हिस्सा होते. मुले हा हिशेब पटकन करतात. वडील मंडळी मोटार चालवताना करत नाहीत.

आता टवका उडालाच, तर काय करावे? प्रथम तो कुठे आहे हे पाहावे. पुढचा बंपर हल्ली प्लास्टिकचा असतो; तो गंजत नाही, तिथला टवका वर्षभर राहिला तरी बिघडत नाही. बॉनेटची कड, छपराची पुढची कड, काचेच्या दोन बाजूंचे खांब, चाकांवरच्या कमानी आणि दाराखालची पट्टी ही बहुधा लोखंडाची. तिथे लक्ष द्यावे. मग खोली पाहावी. भिंगातून रंगच दिसत असेल तर फक्त वरचे लॅकर गेले आहे, विसरून जावे. करडा किंवा काळसर तळ दिसला तर खालचे थर शाबूत आहेत, सवडीने करावे. पत्रा चमकताना दिसला तर पुढच्या पावसाआधी केलेच पाहिजे, आणि समुद्रकाठी राहणाऱ्यांनी त्याच आठवड्यात. कारण खाऱ्या हवेत गंज रंगाखालून आडवा पसरतो आणि तिळाचा रुपया व्हायला वेळ लागत नाही.

काम घरी होण्यासारखे आहे. इंदूरच्या एका जुन्या पेंटरने मला ते दाखवले. अक्षरओळख जेमतेम, पण रंगाची नजर अशी की पांढऱ्यातले पाच पांढरे वेगळे सांगे. मोटारीच्या पाटीवर रंगाचा सांकेतिक क्रमांक असतो, त्याच क्रमांकाची टचिंगची बाटली आणावी. नुसता ‘पांढरा’ मागू नये. जागा धुऊन, वाळवून, स्पिरिटने पुसावी. तांबूस गंज दिसला तर वॉटर पेपरच्या बारीक घडीच्या टोकाने तेवढाच खरवडावा, शेजारचा रंग घासू नये. पत्रा उघडा असेल तर आधी प्रायमरचा ठिपका. बाटलीच्या झाकणातला ब्रश या कामाला फार जाड. पेंटर आगकाडीचे टोक तासून घ्यायचा, मी दात कोरायची काडी घेतो. काडीच्या टोकावरचा थेंब खड्ड्यात सोडायचा, फासायचा नाही. तो वाळला की बसतो, म्हणून दुसरा, कधी तिसरा, मध्ये दोन-तीन तास जाऊ द्यायचे. शेवटी पारदर्शक लॅकरचा थेंब. आठवडाभर हात लावू नये. मग उंचवटा राहिलाच तर दोन हजार नंबरच्या पेपरने पाणी लावून हलकेच, आणि वर पॉलिश. उन्हाने तापलेल्या बॉनेटवर हे करू नये, थेंब पसरायच्या आत सुकतो. पावसाळी हवेतही करू नये. दिवाळीनंतरचे सकाळी दहाचे कोवळे ऊन याला सर्वांत चांगले. जवळून पाहिले तर ठिपका ओळखू येईलच. येऊ द्यावा.

ज्याच्या विरुद्ध मला आवर्जून सांगायचे आहे ते म्हणजे चार टवक्यांसाठी सबंध बॉनेट पुन्हा रंगवून घेणे. विमा आहे, करून टाका, असा सल्ला हौशी मंडळी देतात. कारखान्यातला तळचा थर १६०-१७० अंशांवर भाजलेला असतो. गॅरेजात ती उष्णता देता येत नाही, कारण वायरी, रबर, काचा सगळे बसलेले असते. तिथे फार तर ६० अंश. एकदा घासून काढलेला मूळ रंग परत मिळत नाही, आणि नव्या रंगावर पहिला खडा पडला की पुष्कळदा टवका न उडता पोपडाच निघतो. विकताना घेणारा बोटाने टिचकी मारून विचारतो, ‘ही अपघाताची का?’ चार ठिपक्यांची मोटार ही चाललेली मोटार असते, रंगवलेल्या बॉनेटची मात्र संशयित ठरते.

हल्ली पारदर्शक फिल्म चिकटवून घेतात. मूळची ती हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू-खडीपासून जपण्यासाठी निघाली, आणि ती खरोखर काम करते. पण सबंध मोटारीला लावायचा खर्च ऐकून मी चहा घेऊन परत आलो. बॉनेटच्या पुढच्या पट्ट्यापुरती लावली तरी पुष्कळ. सिरॅमिक कोटिंग ही वस्तू वेगळी. तिने चिखल लवकर धुतला जातो, खडा अडत नाही. दुकानदार हे विचारल्याशिवाय सांगत नाही. मडगार्डच्या मागे रबरी पडदे लावले तर आपल्या चाकाने उडणारी खडी दाराखालच्या पट्टीवर आणि मागच्याच्या काचेवर जात नाही. हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि तो दिसायला बरा नाही म्हणून कुणी करत नाही.

मामेभावाच्या मोटारीला आता अकरा ठिपके आहेत. आठ त्याने स्वतः भरले, तीन बंपरवरचे तसेच सोडले. सतवासच्या फाट्यापाशी गेल्या वर्षी थर दिला तेव्हा कडेला खडीचा ढीग पडून होता आणि दोन बायका खराट्याने सुटी खडी झाडून त्यात ओढत होत्या. मामीने मोटार थांबवायला लावली, काच खाली केली आणि त्यांना विचारले, रोज किती मिळतो. आकडा ऐकून तिने मान हलवली. पटल्याची की न पटल्याची, मला कळले नाही. मग ती मामेभावाला म्हणाली, ‘आता हळू घे. अजून झाडून व्हायचंय.’